चमच्यांची टोपली

ठमीने टूथब्रश उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि चमच्यांच्या टोपलीत टाकला.

"अगं, तो चमचा आहे का?" थोरलीने विचारलं.

ठमीने टोपलीत डोकावून पुन्हा एकदा खात्री केली. लांब दांडा होता, टोकाला काहीतरी होतं, तोंडात जाणारी वस्तू होती. चमचाच होता. तिने दोन्ही हात झटकले आणि पुढच्या वाटीकडे वळली. वीस महिन्यांच्या पोरीचा तो कारभारी थाट पाहून थोरलीला मास्कच्या आत हसू फुटलं.

सकाळचं खाणं झालं, की धुतलेली भांडी गालिच्यावर ओतायची आणि मुलांकडून लावून घ्यायची, ही शिशुगृहातली थोरलीची जुनी पद्धत. वाट्या एका टोपलीत, चमचे दुसऱ्या. चौदा मुलांपैकी बहुतेकांचा लावण्यापेक्षा आपटण्याकडे ओढा. एकजण वाटी पालथी घालून तिच्यावर बसून राहायचा, त्याला उठवलं की भोकाड पसरायचा. ठमी मात्र शेवटचा चमचा टोपलीत पडेपर्यंत जागची हलत नसे.

मुलं सांभाळणाऱ्या बायकांत सगळ्यात जुनी म्हणून ती थोरली, एकतीस वर्षं इथे होती. शाळेत ती आठवीपुढे गेली नव्हती, पण मूल जगाची लावालाव कशी करत जातं, हे तिने जितकं पाहिलं होतं तितकं पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही पाहिलं नसेल. आधी सगळं एकच असतं, तोंडात घालायचं. मग त्याचे दोन भाग होतात, तोंडात घातलेलं चालतं ते आणि कुणीतरी ओरडतं ते. मग एक दिवस गोल दिसतं. ठमीला चौदाव्या महिन्यात गोल दिसलं आणि त्या महिन्यात तिने संत्र्याला बॉल म्हटलं, दिव्याला बॉल म्हटलं, दाराच्या मुठीला म्हटलं आणि तपासायला आलेल्या डॉक्टरांच्या टकलालाही म्हटलं. डॉक्टर भला माणूस, त्याने वाकून ते तिला चाचपू दिलं. पुढे दिवा गळला, संत्र्याला स्वतःचं नाव मिळालं, मूठही सुटली. डॉक्टरांचं टक्कल तेवढं अजून बॉलमध्येच होतं.

चार पायांचंही तसंच. अंगणातला कुत्रा भू, भिंतीवरचं मांजर भू, चित्रातला घोडा भू, आणि कपडे बदलायच्या खोलीतलं स्टूलसुद्धा भू. तिने स्टुलाला एकदा बिस्किट भरवून पाहिलं, त्याने ते खाल्लं नाही, तेव्हापासून स्टूल भूमधून बाद झालं. आणि दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी तिने भिंतीकडे बोट दाखवून "म्याऊ" म्हटलं. कुत्रा खाली बसलेला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, परत भिंतीकडे पाहिलं, आणि कुत्र्याला सोडून मांजरालाच पुन्हा "म्याऊ" म्हटलं.

त्याच दुपारी थोरलीने अधीक्षकबाईंकडे जाऊन अर्ज मागितला होता. कुत्र्यामांजरातला फरक कळू लागला, म्हणजे माणसामाणसांतला कधीचाच कळत असणार, असं तिने मनाशी धरलं होतं.

अर्ज ठमीला आपल्या घरी नेण्याचा होता. थोरली सत्तावन्न वर्षांची, एकटी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूल नव्हतंच. नियमाप्रमाणे तिचं वय दत्तक घेण्याच्या वयात बसत नव्हतं. पण नियमातच खाली एक ओळ होती. मुलाची एखाद्या व्यक्तीकडे विशेष ओढ दिसून आली, तर दत्तक समिती अपवाद करू शकते. थोरलीने ती ओळ अधीक्षकबाईंकडून तीनदा वाचून घेतली होती. आणि आता घाईही होती. दोन रविवारांपूर्वी आलेल्या एका जोडप्याने ठमीला पसंत केलं होतं. माणसं चांगली होती, त्यांचे कागद पुरे झाले होते, आणि समितीने अपवाद केला नाही तर सोमवारी ती ठमीला घेऊन जाणार होती.

"ओढ काय, रोजच दिसते," थोरली म्हणायची. "मी दारात पाऊल टाकलं की माई माई करत धावत येते. झोपायचं तर माझ्या डाव्या खांद्यावर. एप्रनचा पट्टा मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नाही तिचा."

दुसऱ्या पाळीतली धाकटी हे ऐकायची आणि धुतलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत राहायची.

शिशुगृहात सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना मुलं माईच म्हणत. तशी शिस्तच होती. पाळी बदलली, कुणी रजेवर गेलं, कुणी नोकरी सोडली, तरी मुलाने एका बाईसाठी रडत बसू नये, म्हणून सगळ्या माई, सगळ्यांचे एप्रन निळे. सहा वर्षांपूर्वी तापाची साथ आली आणि दोन तान्ही मुलं गेली, तेव्हापासून त्यात टोपी आणि मास्कची भर पडली. बाकीच्या जणी उन्हाळ्यात मुलं झोपली की मास्क हनुवटीखाली ओढत. थोरलीने कधी ओढला नाही. त्या दोन्ही मुलांना शेवटचं तिनेच दुपट्यात गुंडाळलं होतं. धाकटीचा मास्क एकदा खाली दिसला तर थोरलीने तिला असं झापलं होतं, की बिचारी दोन दिवस डबा खायलाही एकटी बसली.

बुधवारी पाळी बदलताना दोघी कपडे बदलायच्या खोलीत होत्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समितीच्या निरीक्षक यायच्या होत्या.

"अक्का," धाकटी म्हणाली, "उद्या एप्रन घालूनच जा ना खोलीत."

"का? आई म्हणून उभं राहायचं, तर काय कामाच्या कपड्यांत? समितीच्या बाईंचा निरोप आहे, घरच्या कपड्यांत या म्हणून."

"आणि मास्क?"

"तोही नको म्हणाल्या. चेहरा दिसायला हवा. त्या खोलीत पाहुण्यांना कुठे असतो मास्क?"

धाकटी टोपीची घडी घालत उभी राहिली.

"बोल की. मूग काय गिळून बसलीस?"

"काही नाही. केस तेवढे मोकळे सोडू नका. टोपीतच पाहिलंय तिने तुम्हाला."

थोरली हसली. "अगं, मांजराने अंगावर झूल घातली म्हणून काय ठमी त्याला कुत्रं म्हणणार आहे? डोळे माझेच, आवाज माझाच. मी अकरा दिवसांची असताना घेतलंय तिला हातात."

"तुम्ही अकरा दिवसांच्या होता?"

"गप गं. ती." दोघी हसल्या, पण धाकटीचं हसू आधी संपलं.

गुरुवारी थोरलीने कपाटातले ठेवणीतले कपडे काढले. फिकट पिवळे, बारीक फुलांचे. केस धुतले, मागे बांधले. आरशात पाहताना तिच्या लक्षात आलं, की आपला अख्खा चेहरा आपणही बऱ्याच दिवसांत नीट पाहिलेला नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंना रेघा पडल्या होत्या. त्या कधी पडल्या हे तिला आठवेना. तिने हसून पाहिलं. हसल्यावर बरं दिसत होतं.

भेटीची खोली शिशुगृहाच्या पुढच्या बाजूला होती. सोफा, काचेचं दार, कुंडीत एक उंच झाड, खेळण्यांची परडी आणि टेबलावर झाकण घातलेली बिस्किटांची बशी. रविवारी पाहुणे यायचे ते इथेच. बाईमाणूस आलं तर काकू, बाप्यामाणूस आलं तर काका. मुलाला आत आणलं की त्याने काय करायचं, हे थोरलीनेच शिकवलेलं होतं. नाक कुठंय, कान कुठंय, पोट कुठंय, केस कुठं. चारही नीट दाखवले की हात पुढे करायचा, काकू टाळ्या वाजवतात आणि बिस्किट देतात. निघताना टाटा. दाखवणारं मूल लवकर घरी जातं, हा तिचा अनुभव होता. कितीतरी मुलं तिने अशी घरी धाडली होती आणि प्रत्येक वेळी मागे जाऊन दुधाच्या बाटल्या घासल्या होत्या.

निरीक्षकबाई पस्तिशीच्या असतील. हळू बोलायच्या. "ताई, तुम्ही इथे बसा," त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. "ती आत आली की लगेच हाक मारू नका. तिला काय करायचंय ते करू दे."

थोरलीने मान हलवली. हात मांडीवर ठेवले तर ते पाहुण्यांसारखे वाटले, म्हणून तिने ते बाजूला घेतले, मग पुन्हा मांडीवर ठेवले.

धाकटीने दार उघडून ठमीला आत सोडलं आणि बाहेरून दार लोटलं.

ठमीने खोली पाहिली. झाड पाहिलं, बशी पाहिली. मग ती सरळ चालत जवळच्या बाईकडे, म्हणजे निरीक्षकबाईंकडे गेली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वर पाहून गोड हसली. तिथून वळून ती थोरलीकडे आली. ठमी अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि तिने तिच्या तोंडाकडे, पिवळ्या फुलांकडे, पुन्हा तोंडाकडे पाहिलं.

"काकू," ती म्हणाली.

आणि कुणी विचारलं नसताना तिने नाकावर बोट ठेवलं. मग कानावर. मग पोट पुढे काढून पोटावर. मग केस. चारही बिनचूक. मग उजवा तळवा उघडून पुढे केला आणि वाट पाहत राहिली.

थोरलीला ते पाहवेना. "ठमे," तिच्या तोंडून निघून गेलं, "मी गं. माई."

ठमीचा हात तसाच राहिला. डोळे मोठे झाले. सगळा चेहरा उजळला. "माई!" ती ओरडली, गर्रकन वळली आणि दाराकडे धावली. चवड्यांवर उभी राहून ती काचेतून बाहेर पाहू लागली. "माई? माई?" बाहेर कुणी नव्हतं. तिने दारामागे पाहिलं, कुंडीमागे पाहिलं. आवाज आला होता, म्हणजे माई इथेच कुठेतरी असणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

निरीक्षकबाईंनी लिहायचं थांबवलं.

"बाई, मी एप्रन घालून येऊ का?" थोरली म्हणाली. स्वतःचा आवाज तिला चिरका वाटला. "मागेच आहे खुंटीला. एकदाच. टोपी, मास्क घालते, मग बघा कशी येते."

"येईल ना," निरीक्षकबाई म्हणाल्या. मग उठून त्यांनीच दार उघडलं आणि मागे गेलेल्या धाकटीला हाक मारून बोलावलं.

धाकटी उंबऱ्यातच उभी राहिली. निळा एप्रन, टोपी, मास्क. ठमीने किंकाळी फोडली, "माई!" आणि जाऊन तिच्या पायांना मिठी मारली. हात वर केले. धाकटीचे हात खाली उतरेनात. ती थोरलीकडे बघत राहिली. ठमीचा ओठ बाहेर आला, थरथरू लागला, तेव्हा धाकटीने तिला उचललं. ठमीने डोकं डाव्या खांद्यावर टाकलं. मुठीत एप्रनचा पट्टा धरला.

हे दृश्य थोरलीने कधी पाहिलंच नव्हतं. बाहेरून ते असं दिसत होतं तर.

"ताई," निरीक्षकबाई म्हणाल्या, "तिचं काहीएक चुकलेलं नाही. माई म्हणजे काय, हे तिने अगदी नीट ओळखलंय. तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला जे दाखवलंत, तेच ती शिकली."

"मी अकरा दिवसांची घेतलीय तिला," थोरली म्हणाली.

"माहीत आहे मला."

"रोज आठ तास."

"हो. आणि उरलेले सोळा तास दुसऱ्या माई." त्या हळूच म्हणाल्या, पण म्हणाल्या. "ती कुणाकडेही जातेय. वाईट वाटतं बघायला. पण त्या घरी लवकर रुळेल. मी तुमच्या विरुद्ध काही लिहिणार नाही."

"आणि बाजूने?"

निरीक्षकबाईंनी वहीवर हात ठेवला. "काय लिहू, तुम्हीच सांगा."

थोरलीने वहीकडे पाहिलं. सोमवार चार दिवसांवर होता. धाकटीच्या खांद्यावरून ठमी तिच्याकडेच पाहत होती. नाक, कान, पोट, केस, सगळं दाखवून झालं होतं आणि काकूंनी अजून काहीच दिलं नव्हतं. तिने माईच्या मानेवरून हात लांब केला आणि तळवा उघडला.

थोरली उठली. तिने बशीवरचं झाकण काढलं, एक बिस्किट उचललं आणि त्या तळव्यावर ठेवलं. मग तिला आठवलं, टाळ्या राहिल्या. तिने टाळ्या वाजवल्या. ठमी खूश होऊन हसली आणि धाकटी तिला घेऊन जाताना दारातून टाटा करत राहिली.

अधीक्षकबाईंनी थोरलीला घरी जायला सांगितलं. हवी तर चार दिवस रजा घ्या, सोमवार टळू दे, म्हणाल्या.

"आज दोनची पाळी आहे माझी," थोरली म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

धाकटी तिथे स्टुलावर बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते. "मी सांगणार होते अक्का," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावर पण तश्शीच झोपते. किती वेळा ओठांवर आलं. पण तुम्ही इतक्या..."

"दुपटी वाळली का?" थोरलीने विचारलं.

"वाळली."

"मग घड्या घाल जा."

धाकटी गेल्यावर ती पिवळे कपडे काढून एप्रन चढवायला लागली. गाठ नेहमीच्या जागी बसत नव्हती, दोनदा सोडून बांधावी लागली. टोपी घातली, कानांवरून केस आत सारले. मग मास्क घेऊन तो थोडा वेळ हातातच धरून उभी राहिली. स्टुलाच्या पायांना बिस्किटाचा जुना चुरा अजून चिकटलेला होता. तिने मास्क लावला.

मुलं नुकतीच दुपारच्या झोपेतून उठत होती. कुणी कठड्याला धरून उभं होतं, कुणी अंगठा चोखत पडलं होतं. ठमीने तिला दारात पाहिलं आणि झोपेने सुजलेल्या तोंडाने ती ओरडली, "माई!"

थोरली जागीच थांबली. इतके महिने ही हाक तिने आपली म्हणून घेतली होती. आता ती मागे वळून पाहत होती, आपल्यामागून आणखी कुणी आलंय का. कुणी नव्हतं. ठमी गालिच्यावरून पळत आली आणि तिच्या पायांना बिलगली. थोरली खाली बसली.

ठमीच्या मुठीत बिस्किटाचा उरलेला तुकडा होता, घामाने ओला झालेला. झोपेतही तिने तो सोडला नसावा. तिने तो थोरलीच्या तोंडाशी नेला आणि मास्कवर दाबला. मास्कवर चुरा पसरला, काही एप्रनवर पडला. माईला तोंड नसतं, हे ठमीला ठाऊक होतं, पण आज तिला कुणालातरी काहीतरी द्यायचं होतं.

थोरलीचा हात कानामागे गेला. तिने रबराचा दोर बोटात धरला. नुसता खाली ओढायचा होता. मूल वीतभर अंतरावर होतं, डोळ्यांत पाहत होतं, गळ्यात हात टाकून उभं होतं. वीतभर अंतरावरून तिला माईचं नाक दिसलं असतं, माईचं तोंड दिसलं असतं. आणि मग तिने गळ्यातले हात काढून घेतले असते, एक पाऊल मागे सरून नाकावर बोट ठेवलं असतं.

तिने दोर सोडून दिला.

"काकू," ठमी बिस्किट दाखवत म्हणाली. तिने पुढच्या खोलीकडे बोट केलं. तिला खूप सांगायचं होतं आणि शब्द थोडे होते.

"काकू आली होती?" थोरलीने विचारलं.

ठमीने जोरजोरात मान हलवली. "काकू," ती पुन्हा म्हणाली. मग तिने दुसऱ्या हाताचा तळवा उघडला, उलटा केला, त्यात काही नाही हे माईला नीट दाखवलं आणि म्हणाली, "गेली."

"हो गं," थोरली म्हणाली. "गेली."